आवाजाची शेपटी

६ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार घातला असं समजा. परवा फोनवर आपण एकमेकींना जे काही बोललो, त्यानंतर तुमच्या भावाने हात जोडले. म्हणाले, "मी तुम्हा दोघींचा निरोप्या नाही. काय ते लिहून कळवा." म्हणून लिहितेय. कागद निदान मध्येच आपटून ठेवता येत नाही.

तक्रार तुमच्या दुकानाच्या कामाची आहे. बाबांनी मला बनवून दिलेला गिटारचा अँप गेल्या वर्षी तुम्ही उघडून साफ करून दिलात. आता त्याचं रिव्हर्बचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं की आतून धडाम आवाज येतो. वाजवताना येत नाही. हात थांबले की येतो. विद्यार्थी गिटार पिशवीत घालत असतो, अँप चालूच असतो, आणि कुणीतरी कपाट पाडल्यासारखा गडगडाट होतो. मागच्या आठवड्यात एका मुलीची आई दचकून उठून उभी राहिली. स्टुडिओवाले मला बोलावतात ते निम्मं या अँपच्या आवाजासाठी. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगच्या मध्येच असं झालं तर पुन्हा बोलावणार नाहीत.

बाबा तसेच आहेत. अर्धांगाचा झटका येऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. बोलत नाहीत, ओळखत नाहीत, डोळे उघडे ठेवून छताकडे बघतात. डॉक्टरांच्या मते आत कुणी राहिलेलं नाही. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात एप्रिलच्या सुरुवातीला एक खाट रिकामी होतेय. तिथे दोन्ही मुलांची संमती मागतात. तुमच्या भावाने सही केलीय, कागद सोबत जोडलाय, खालची रिकामी जागा तुमची.

दुकान तुम्हाला आणि बाबा आम्हाला, ही वाटणी कुणी केली ते मला अजून कळलेलं नाही. पण वर्षभर मी ती पाळलीय.

— वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कुणीतरी तुमच्याचसाठी करून ठेवलेली दिसते.

रिव्हर्बच्या पेटीत काय असतं ते बाबांनी तुम्हाला दहा वेळा सांगितलं असेल. तुम्ही सुनेसारखी मान डोलावलीत आणि विसरलात. अकराव्यांदा मी सांगते. अँपच्या तळाला पत्र्याची एक उथळ पेटी असते. तिच्यात दोन बारीक लांब स्प्रिंगा ताणून टांगलेल्या असतात. गिटारचा आवाज एका टोकाने शिरतो, स्प्रिंगमधून पलीकडे धावतो, आपटतो, परत फिरतो, पुन्हा जातो. त्याच्या या येरझाऱ्यांमुळे ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणारा मोठ्या रिकाम्या सभागृहात बसलाय, मग भले तो न्हाणीघराएवढ्या खोलीत का असेना. पण स्प्रिंगला गिटार आणि लाथ यांतला फरक कळत नाही. बाहेरून धक्का बसला की तोही ती तितक्याच इमानाने मोठा करून ऐकवते. तेव्हा घरात कोण काय आपटतं ते बघा. दारं आपटायची सवय तुमची जुनी आहे.

मी त्या पेटीला हात लावला नव्हता, नुसती धूळ काढली होती. ती बाबांच्या हातची आहे. प्रत्येक पेटी तयार झाली की ते बोटाच्या पेराने वर ठोकायचे आणि कान लावून बसायचे. "आवाज निघतो कसा ते गाढवालाही ऐकू येतं, तो जातो कसा ते ऐक," असं म्हणायचे. त्या जाण्याला आम्ही दुकानात शेपटी म्हणतो. शेपटी लांब हवी, ओली हवी, आणि संपताना कुठे संपली ते कळता कामा नये. पेटी पास होईपर्यंत दुकानात कुणी जेवायचं नाही असा नियम होता. कारागीर उपाशी, मी उपाशी, आणि सगळ्यांत आधी ते स्वतः उपाशी. एकदा दुपारचे डबे संध्याकाळी उघडले होते. अशा माणसाच्या हातची पेटी तुम्ही बिघडवून दाखवलीत, कौतुक आहे.

तो अँप माझ्याकडे यायला हवा होता हे मी एकदा बोलले होते. आता दुसऱ्यांदा बोलते. पोरीला हत्यारं आणि सुनेला वाद्य, असा न्याय त्यांनी केला. त्यांना विचारायची सोय राहिली नाही, म्हणून तुम्हाला बोलते.

सही करणार नाही. बाप म्हणजे दुरुस्त न होणारा रेडिओ नाही, माळ्यावर टाकायला. तो कागद परत पाठवतेय. आणि "मग तुम्ही का नाही नेत" हे लिहायचे कष्ट घेऊ नका. दुकानावरच्या माझ्या खोलीचा जिना तुम्ही पाहिलाय. त्याच्यावरून धडधाकट माणूस गडगडतो.

पेटी काढून पाठवा. चार स्क्रू आणि दोन वायरी आहेत. एवढं जमेल असं धरून चालते.

— तुमची नणंद


२१ फेब्रुवारी

वन्सं,

स्क्रू सहा निघाले. दुकानाच्या मालकिणीला माहीत नसावं म्हणून कळवलं. पेटी सोबत पाठवलीय, जुन्या टॉवेलात गुंडाळून. टॉवेल परत नको.

दार आपटायला मला सवड मिळत नाही. माझा दिवस कसा जातो ते एकदा ऐकून ठेवा. सकाळी बाबांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, चादर बदलायची. मऊ भात किंवा दूध चमच्याने भरवायचं, गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ओळखायचं. मग पुन्हा दुसऱ्या कुशीवर. दुपारी विद्यार्थी येतात ते संध्याकाळपर्यंत. शिकवण्याची खोली आणि बाबांची खोली यांच्यामध्ये पातळ लाकडी भिंत आहे, खाली सगळीकडे फळ्यांची जमीन. मी एक कान गिटारकडे ठेवते आणि एक त्यांच्या श्वासाकडे. मधूनमधून त्यांचा डावा पाय झटके देतो. टाच खाटेच्या लोखंडी दांडीवर बसते, कातडं सोलवटतं, म्हणून खाली चादरीची घडी घालून ठेवलीय. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे शिरांचे खेळ आहेत, त्यात अर्थ शोधू नका. मी शोधत बसले नाही.

तुम्ही आला होतात जूनमध्ये. अर्धा तास बसलात. त्यांनी तुमच्याकडे बघितलं नाही म्हणून तुम्ही रडलात, मग डोळे पुसलेत आणि गाडी गाठलीत. तुम्ही गेल्यावर मी त्यांची चादर बदलली. माळ्यावर टाकण्याची भाषा माझ्याशी करू नका.

कागद पुन्हा जोडलाय. तो परत आला तर मी परत पाठवेन. माझ्याकडे पाकिटं भरपूर आहेत.

— वहिनी


५ मार्च

वहिनी,

तुमची पेटी चार दिवस बाकावर चालू ठेवली. एकदासुद्धा धडाम झालं नाही. बाकावर हातोडा पडला तेव्हा झालं, ते व्हायलाच हवं. म्हणजे दोष पेटीत नाही, तुमच्या घरात आहे. मी म्हटलंच होतं.

पण तुमच्या हाताखाली राहायचं तर पेटीला चिलखत हवं, म्हणून मी तेही केलं. दोन्ही स्प्रिंगा गंजल्या होत्या, नव्या घातल्या. वायरींना नवीन डाख दिला. आणि पेटी लाकडावर जिथे टेकते तिथे कोपऱ्यांत मऊ रबराचे तुकडे बसवलेत. आता तुमच्या खोलीत हत्ती नाचला तरी स्प्रिंगना पत्ता लागणार नाही. जुन्या स्प्रिंगा माझ्याकडे डब्यात आहेत.

सहा स्क्रूंचं म्हणाल, तर वरचे दोन बाबांनी नंतर मारलेत, बहुधा तुमच्या हाताळणीचा अंदाज आल्यावर.

कागद या वेळी परत पाठवत नाही. फाडलेलाही नाही. जून महिन्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर या पाकिटात मावणार नाही.

— नणंद


२० मार्च

वन्सं,

धडाम थांबलं. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुम्ही ओळखालच.

पण आवाज गेला. म्हणजे आहे, पण पूर्वीचा नाही. आधी एक स्वर वाजवला की तो विहिरीत पडलेल्या थेंबासारखा खाली खाली जाऊन वर यायचा. आता डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. तुमच्या त्या शेपटीला कुणीतरी कात्री लावलीय. स्टुडिओतल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बाई, अँप बदललात का?" तुम्ही म्हणाल, अंगण वाकडं. म्हणा. माझे कान तुम्ही गृहीत धरता तेवढे वाईट नाहीत. बाबांनी अँप माझ्या हातात दिला तो काही माझ्या सुनेच्या मान डोलावण्यावर भाळून नव्हे.

आता दुसरं. बाबांची प्रकृती उतरलीय. पेटी बसवली त्या आठवड्यापासून ते तोंड उघडत नाहीत. चमचा लावला की ओठ मिटतात. दिवसभरात दोन-चार चमचे दूध जातं, तेही मी नाक मुठीत धरून विनवण्या केल्यावर. परवापासून तोंड भिंतीकडे करतात. मी वळवते, ते पुन्हा मान तिकडे नेतात. पायाचे झटकेही मंदावलेत, टाच तेवढी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, अन्न सोडणं हे शेवटचं लक्षण असतं, आता नळीने भरवावं लागेल, आणि ते घरी जमणार नाही.

शुश्रूषागृहाची गाडी ६ एप्रिलला सकाळी येईल. तुमची सही नसेल तर येणार नाही. मग इथे माझ्या डोळ्यांदेखत ते उपाशी जातील, आणि ते तुमच्या तत्त्वासाठी असेल.

— वहिनी


२४ मार्च

वहिनी,

सही केली. कागद सोबत आहे. बघा, रिकाम्या जागेतच केलीय, तुमचं समाधान होईल.

ज्या माणसाने जगभरच्या पेट्यांना सूर दिला त्याला नळी लावून ठेवायची, तर मग कुठल्या छताखाली ठेवायची याला काय अर्थ उरतो. मला यायला सांगू नका. जूनमध्ये मी त्यांना नावाने हाक मारली, "बाबा, मी आलेय," म्हटलं, तर ते माझ्यातून आरपार बघत होते. माझ्या मनात त्यांना मी तेव्हाच पोचवून आले. तुम्ही त्याला पळपुटेपणा म्हणता. असेल.

आवाजाबद्दल तुमचं गाऱ्हाणं मला मान्य नाही. स्प्रिंगा उत्तम प्रतीच्या आहेत. आणि स्पष्टच बोलते, तो धडाम वगैरे काही नव्हताच. चार दिवस माझ्या बाकावर झाला नाही, तुमच्याकडे विद्यार्थ्यासमोर झाला, मुलीच्या आईसमोर झाला, फक्त जाणकाराच्या समोर व्हायचा तेवढा राहिला. दुकानाचं नाव खराब करायला निमित्त हवं होतं, ते मिळालं. आता अँप, बाबा, आणि शेवटचा शब्द, तिन्ही तुमच्याकडे. ठेवा.

— नणंद


२८ मार्च

वन्सं,

सही पोचली. आभार मानत नाही.

पण खोटारडी म्हणवून घेणार नाही. मी विद्यार्थ्यांना सरावासाठी धडा टेप करून देते. फेब्रुवारीतल्या धड्यांपैकी एक कॅसेट घरीच राहिली होती. काल शोधून काढली. दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, मी "पुढच्या वेळी हेच वाजवून दाखव" म्हणते, गिटार ठेवल्याचा आवाज येतो, आणि मग तुमचा "नसलेला" धडाम येतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सोबत पाठवतेय. जाणकाराच्या कानांनी ऐका.

ऐकून झाल्यावर माफीचं पत्र आलं नाही तरी चालेल. पण त्यानंतर मला काहीही लिहू नका आणि फोनही करू नका, मी घेणार नाही. सहा तारखेला बाबांना पोचवलं की आपला संबंध संपला.

— वहिनी


३१ मार्च

वहिनी,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. त्याला सांगितलंय, दार उघडेपर्यंत बेल वाजव. फोन केला होता, तू माझा आवाज ऐकून ठेवलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. दादा दौऱ्यावर. पत्र फाडू नकोस. शिव्या नंतर दे, हव्या तेवढ्या दे, आधी वाच.

कॅसेट मी तुझं खोटं पकडायला म्हणून लावली. दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या स्पीकरवर लावली, कारागिरांनाही ऐकायला बोलावलं, तुझी फजिती चारचौघांत व्हावी म्हणून.

तीन ठोके आहेत, वहिनी. तीन ठोके, लागोपाठ. मग स्प्रिंगांचा गडगडाट, मग त्याची शेपटी. शेपटी पूर्ण मरेपर्यंत काहीही नाही. आणि मग एक ठोका.

त्यांतले एक म्हातारे कारागीर खुर्चीवरून उठले. मला म्हणाले, "हे तर मालक."

दुकानात बाबा पेटी अशीच तपासायचे. तीनदा ठोकायचं, शेपटी संपेपर्यंत ऐकायचं, आणि मग निकाल. एक ठोका म्हणजे पास. दोन म्हणजे पुन्हा उघड. निकाल तोंडाने कधी सांगायचे नाहीत. त्या एका ठोक्यासाठी मी जीव मुठीत धरून त्यांच्या बाजूला उभी राहिलेय, लहानपणापासून. तुला हे माहीत असायचं कारण नाही, तू दुकानात यायचीस ती चहाच्या वेळी.

शिरांचा खेळ असता तर तो शेपटी संपायची वाट बघत थांबला नसता. मी कॅसेट कितीदा मागे नेली ते विचारू नकोस. एका ठिकाणी तू बटण जरासं फिरवतेस, बहुतेक पुसताना, आवाजाची जात बदलते. लगेच पुन्हा तीन. तू फिरवलंस ते त्यांना कळलंय आणि त्यांनी पुन्हा तपासलंय. आणि पुन्हा एक. पास केलंय.

तो पाय आहे. तुझ्या खाटेची दांडी, तुझ्या फळ्या, तुझा अँप. घडीमुळे तुला खोलीत ठोका ऐकू येत नव्हता, पण स्प्रिंगना येत होता. भिंतीपलीकडे एक माणूस वर्षभर पेटी वाजवतोय आणि आपण दोघी त्याला बिघाड म्हणून एकमेकींच्या अंगावर धावून जातोय.

आणि मी काय केलं? खाली मऊ रबर बसवलं. बाबांच्या तोंडावर उशी दाबली मी, माझ्या स्वतःच्या हातांनी, आणि वर हत्तीचा विनोद केला.

आता सांगते तसं कर. रबराचे तुकडे काढून टाक. पेटी थेट लाकडावर ठेवून सहाही स्क्रू घट्ट आवळ. अँप उघड्या फळ्यांवर, त्यांच्या भिंतीला लागून ठेव. टाचेखालची घडी काढ. रिव्हर्ब पूर्ण उघड. एकच स्वर वाजव, गिटार बाजूला ठेव आणि गप्प बस. त्यांना हाक मारू नकोस, ठोका म्हणून सांगू नकोस. दुकानात त्यांना कुणी घाई केलेली खपायची नाही.

मी स्वतः निघाले होते. स्टँडपर्यंत गेले, तिकीट काढलं, आणि परत आले. मी तिथे बसलेय आणि पाय हलत नाही, हे मला बघवणार नाही. जून पुन्हा सोसायची ताकद नाही माझ्यात. म्हणून आधी तू बघ. मी भित्री आहे, हे तुझं आधीच लिहून झालंय.

सही मी मागे घेते. तो कागद फाड.

— तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

तुझा ड्रायव्हर बेल वाजवत राहिला, शेजारीण बाहेर आली, तेव्हा मी दार उघडलं. पत्र दारातच वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ही नवीन चाल आहे. बापाला घरी ठेवायला लावायचं, ठेवायचं मात्र माझ्याकडे. खरं सांगते, अगदी तुझ्या तोंडावर सांगितल्यासारखं समज.

तरी रबर काढले. सहाही स्क्रू आवळले. अँप ढकलत भिंतीपर्यंत नेला. विद्यार्थ्यांना परत पाठवलं. घडी काढताना बाबांच्या टाचेला हात लागला, ती थंड होती. एक स्वर वाजवला, गिटार भिंतीला टेकवली, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात खाली बसले, म्हणजे अँपही दिसेल आणि तेही.

काही झालं नाही. अँपची नुसती घरघर. बाबांचं तोंड भिंतीकडे. मी पुन्हा एक स्वर वाजवून आले, पुन्हा बसले. पुन्हा काही नाही. मी तुला मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही. भाताचा कुकर लावायचा होता. उठले, बटण बंद करायला हात पुढे केला.

तेव्हा पाय उचलला गेला. झटका नव्हता तो, वन्सं. झटका मी वर्षभर बघितलाय, किंवा बघितलाय असं मला वाटत होतं. त्यांनी टाच उचलली आणि ठेवली. उचलली आणि ठेवली. उचलली आणि ठेवली. माझ्या हाताखाली अँप गडगडला, काचेच्या कपाटातल्या बशा वाजल्या.

मी वळून बघितलं. त्यांनी मान भिंतीवरून या बाजूला आणली होती. डोळे मिटलेले होते. इतके दिवस उघडे डोळे बघून डॉक्टर म्हणायचे, आत कुणी नाही. काल ते मिटलेले बघितले आणि मला कळलं की आत माणूस आहे आणि तो ऐकतोय. आवाज विरत गेला. मी इतकी वर्षं शिकवते, पण एखादा आवाज संपायची एवढी वाट मी कधी पाहिली नव्हती. संपला की नाही ते कळेना, इतका बारीक झाला.

मग टाच खाली आली. एक.

मी तोंडावर हात दाबला. धावत जाऊन त्यांना मिठी मारणार होते. रडायलाही लागले होते, तू हिशेब ठेवत असशील तर धरून ठेव. आणि मी जागची हलायच्या आत टाच पुन्हा उचलली गेली आणि पुन्हा खाली आली.

दोन.

मला वाटलं, चुकून झालं असेल. बटण जरा फिरवलं. पुन्हा तीन, पुन्हा शेपटी, पुन्हा दोन. आणखी फिरवलं. दोन. तिसऱ्या वेळी त्यांनी दुसरा ठोका असा दिला, की दुकानात असते तर तू टेबलाखाली लपली असतीस.

तुझं काम नापास झालंय, वन्सं. उत्तम प्रतीच्या स्प्रिंगा! डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतंय म्हणून मी वीस मार्चला लिहिलं होतं. ते पत्र काढून वाच. माझे कान वाकडे असतील तर मग बाबांचेही वाकडेच म्हणायचे.

कागद मी फाडला नाही. हे पत्र त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय, पलटून बघ, तुझी सही दिसेल. शुश्रूषागृहाला फोन करून सांगितलं, सहा तारखेला गाडी पाठवू नका. त्यांनी कारण विचारलं. आमच्याकडे दुरुस्तीचं काम निघालंय, म्हटलं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. वर्षभराचा आहे, एका दुपारात जाणार नाही. तू आलीस की आपण भांडू, नीट, समोरासमोर, दार लावून. पण डब्यातल्या त्या जुन्या स्प्रिंगा घेऊन ये, हत्यारं घेऊन ये, आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून बसव. या वेळी स्टँडवरून परत फिरू नकोस.

आणि उशीर करू नकोस. ठोके देऊन झाल्यावर मी आनंदाने मऊ भात घेऊन गेले, चमचा ओठांना लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे बघितलं. आरपार नाही, माझ्याकडे. मग मला तुझं फेब्रुवारीतलं पत्र आठवलं. पेटी पास होईपर्यंत कुणी जेवायचं नाही, तूच लिहिलं होतंस.

बाबा महिनाभर उपाशी आहेत. पहिल्या गाडीने ये.

— वहिनी